माणिकपूरच्या खोलीची पाहणी

माणिकपूरला आम्ही तिघे मित्र एका खोलीत राहत होतो. मी बँकेत कारकून, नोकरी करून नुकताच बी.कॉम. झालेला. दुसरा गोखिवऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात फिटर. तिसरा टायपिस्ट, आणि त्याचं सांडोरच्या एका शिक्षिकेशी जमलं होतं. दोघं एकाच चर्चला जाणारी, त्यामुळे धर्माची अडचण नव्हती. अडचण खोलीची होती. मुलीचे वडील केळीचे बागायतदार. मुलगी कुठे नांदणार ते स्वतः बघितल्याशिवाय होकार देणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

"खोली माझ्या एकट्याची आहे, असं मी सांगून बसलोय," टायपिस्ट म्हणाला.

"वा! मग आम्ही कोण, उंदीर?" फिटरने विचारलं.

खरं म्हणजे आम्हाला 'जा' म्हणायची त्याची हिंमत नव्हती, आणि मुलीच्या वडिलांना खरं सांगायचीही.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपून ते येणार होते. सकाळीच आम्ही आमच्या ट्रंका, वळकट्या, लुंग्या शेजारच्या काकूंकडे नेल्या. फिटर तिथेच लपला. मी शेजारी म्हणून चहा आणायचा, असं ठरलं.

ते आले, हातात केळ्यांची फणी. मोरी पाहिली, खिडकी उघडून पाहिली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी थांबले. ते काढायचं आम्ही तिघेही विसरलो होतो. खालच्या नळाला पहाटे अर्धा तास पाणी यायचं. ज्याची पाळी, त्याचं आद्याक्षर त्या तारखेवर.

त्यांनी पानं मागे उलटली. "ही तीन अक्षरं कोणाची? आणि मार्चमध्ये हे एक अक्षर खोडून त्या जागी सगळीकडे तुमचंच का?"

"तो... होता एक जण. आळशी होता. गेला सोडून," टायपिस्ट अडखळत म्हणाला.

माझ्या हातात चहाचा कप होता. मला राहवलं नाही. "आळशी नाही हो काका, माझी परीक्षा होती! महिनाभर यानेच माझं पाणी भरलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी पास झालो तो याच्यामुळे."

बोलून गेल्यावर मी जीभ चावली. भिंतीपलीकडून फिटरचं हसू ऐकू आलं.

"त्यालाही बोलवा," म्हातारबुवा म्हणाले.

फिटर मान खाली घालून आला. त्यांनी तिघांच्या हातात केळी दिली आणि मित्राला विचारलं, "लग्न झाल्यावर हे दोघे कुठे जाणार?"

"त्यांना जा म्हणायला तोंड उघडत नाही, काका."

"मग माझ्या पोरीला काय माळ्यावर ठेवणार?"

"आम्ही जागा शोधतो," मी म्हणालो.

"शोधा. जागा मिळाली की तारीख धरू." मग मित्राकडे वळून म्हणाले, "दुसऱ्याचं पाणी भरणारा माणूस मला चालेल. खोटं बोलणारा चालणार नाही. एवढं एकदाच सांगतो."

फिटरने कारखान्यामागे एक खोली मिळवली. महिन्याभरात आम्ही सामान टांग्यात चढवलं. पुस्तकांची माझी जड ट्रंक टायपिस्ट मित्राने मला उचलू दिली नाही. टांग्याचा दांडा धरून तो उभा राहिला.

"तिकडे नाही करमलं तर परत या रे."

"ऐकलंस?" फिटर टांगेवाल्याला म्हणाला. "हाक लवकर, नाहीतर हा लग्न मोडेल."