रचनाचा पांढरा तुकडा

माझी धाकटी बहीण रचना टीव्ही लावते. लावते म्हणजे भिंतीत खिळे ठोकून मोकळी होत नाही. टीव्ही कुठला घ्यायचा इथपासून ते त्यातला माणूस खऱ्या माणसासारखा दिसेपर्यंत सगळं तिचं काम. म्हसळ्यापासून श्रीवर्धनच्या सुपारीवाल्यांपर्यंत कितीतरी घरांत तिने लावलेले टीव्ही आहेत. मी अजित, तिचा मोठा भाऊ. टेम्पो माझा, डोकं तिचं. आज हे मी सहज लिहितोय, पण दोन वर्षांपूर्वी मला ते कबूल करायला जड जायचं. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून विचारायचं, "मेकॅनिक तुम्हीच ना?" आणि मी खुशाल मान डोलवायचो. रचना मागे खोकी उतरवत असायची. तिने गिऱ्हाइकासमोर मला कधी खोडून काढलं नाही, पण परतीच्या वाटेवर ती माझ्याशी बोलायची नाही.

तिच्या पिशवीत टेप, पान्हे आणि आईच्या साडीचा हातभर पांढरा तुकडा असतो. आई, म्हणजे पुतळाबाई, विहारात वंदनेला पांढरी साडी नेसते. त्यातली एक जुनी झाली तेव्हा रचनाने हा तुकडा कापून घेतला. आईच्या पांढऱ्या कपड्यांबरोबर तोही धुतला जातो. दुकानात टीव्हीचे रंग भडक करून ठेवलेले असतात. रचना पडदा पूर्ण पांढरा करते, तुकडा शेजारी धरते आणि दोन्ही एक दिसेपर्यंत रंग कमी-जास्त करते. "पांढरा बसला की बाकीचे रंग आपोआप वळणावर येतात," असं तिचं म्हणणं.

श्रीवर्धनला सुपारीच्या खरेदीला येणाऱ्या चिरागशेठनी तिचं काम पाहिलं आणि किहीमच्या नव्या बंगल्यात थिएटरची खोली करायला बोलावलं. टेम्पोत रचना म्हणाली, "दादा, हा पहिला बंगला हाय. जमला तर पुढचे मिळतील. न्हाय जमला तर काम घ्यायला मुंबईचं दुकान टपलंयच."

शेठनी दारातच माझा हात हातात घेतला. "मेकॅनिक आपण?" मी सवयीने मान हलवली.

मुंबईच्या दुकानाने त्यांना पंच्याऐंशी इंची टीव्ही सांगितला होता आणि तो कपाटाच्या वर, मान मोडेल इतक्या उंच लावायचा बेत होता. रचनाने आधी शेठना सोफ्यावर बसवलं, त्यांच्या डोळ्यांपासून भिंतीपर्यंत टेप धरला आणि विचारलं, "शेठ, यावर तुम्ही बघणार काय?"

शेठ जरा घुटमळले. मग म्हणाले, "सिनेमा तर बघूच. पण माझ्या लग्नाची कॅसेट आहे, पेनड्राइव्हवर घेतलीये. त्यात माझी बा आहे, माझी आई. तिचा हलता-बोलता असा तेवढाच व्हिडिओ."

"मग पासष्ट बास. जुनं चित्र उगाच ताणलं की चेहरा फाटतो. आणि पडदा डोळ्यांसमोर पायजे, डोक्यावर न्हाय."

शेठनी ऐकलं. चार दिवसांनी आम्ही पासष्ट इंची घेऊन गेलो. रचनाने तो सोफ्यावरच्या नजरेला लावला, समोरच्या खिडकीला जाड पडदा टाकायला लावला आणि शेवटी तुकडा काढून रंग बसवला. शेठनी पेनड्राइव्ह लावला.

मांडवात एक ठेंगणी बाई सुनेला ओवाळत होती. शेठ पुढे वाकले आणि तसेच थिजले. "ही माझी बा नाही," ते म्हणाले. "माझी बा गव्हाळ होती. ही तर आजारी दिसते."

खरंच, बाईच्या चेहऱ्यावर निळसर कळा होती. मी रचनाच्या कानाशी लागलो, "कॅसेट जुनी हाय म्हनून सांग. कोन तपासायला जातंय?" शेठ स्वतःच म्हणाले, "कदाचित कॅसेटचाच रंग उतरला असेल." आयती पळवाट समोर होती. मी तर हत्यारं पिशवीत भरायला लागलो होतो.

"थांब रे," रचना म्हणाली आणि तुकडा घेऊन बाहेर ओटीवर जाऊन बसली.

वाडी राखणारा रतन आमच्यासाठी शहाळी सोलत होता. आम्ही पाणी प्यायल्यावर त्याने एक शहाळं फोडून रचनापुढे ठेवलं. तिने मलईला हातच लावला नाही. एकदा मलईकडे बघितलं, एकदा मांडीवरच्या तुकड्याकडे. मग आईला फोन लावला.

"आई, पांढऱ्या कापडांना नीळ घालतेस?"

"व्हय तर! विहारात मळकं नेसून जाऊ का? दोन थेंब जास्तच घालते."

रचनाने कपाळावर हात मारला. सहा वर्षं ती नीळ घातलेल्या कापडाशी पांढरा जुळवत होती. आमच्याकडे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्याकडे सगळेच पांढऱ्याला नीळ घालतात. आमच्या डोळ्यांना तोच पांढरा.

ती सरळ आत गेली. "शेठ, कॅसेट चांगली हाय. चूक माझी हाय. मला अर्धा तास द्या." मला वाटलं, संपलं. स्वतःच्या तोंडाने चूक सांगणाऱ्याला कोण काम देतं? पण शेठ सोफ्यावर मागे टेकून बसले.

तिने रतनकडून एक जून नारळ फोडून घेतला, खिडकी उघडली आणि उजेडात खोबऱ्याची वाटी पडद्याशेजारी धरली. "नारळाला कोन नीळ घालनार?" ती मला म्हणाली. निळा उतरवला, लाल किंचित चढवला, पुन्हा वाटी धरली. वाटी धरायला मी उभा होतो. माझा हात भरून आला, पण मी तो हलवला नाही.

मग खिडकी बंद केली आणि व्हिडिओ पुन्हा लावला. गव्हाळ चेहऱ्याची, पानाने ओठ रंगलेली बाई ओवाळता ओवाळता कॅमेऱ्याकडे बघून लाजली. शेठ उठले, पडद्याजवळ गेले आणि "बा" एवढंच म्हणाले. मला रडू आलं. यात लपवण्यासारखं काही नाही.

त्यानंतर रचना जुन्या गिऱ्हाइकांकडे नारळ घेऊन फिरली आणि एकेक टीव्ही दुरुस्त करून आली. फक्त आईने हात लावू दिला नाही. "माझा टीव्ही पिवळा करू नको," म्हणाली. तो अजून निळाच आहे.

गेल्या महिन्यात शेठच्या शेजारच्या बंगल्यातून बोलावणं आलं. मालक पायऱ्या उतरून थेट माझ्याकडे आले आणि माझा हात धरून म्हणाले, "या या, मेकॅनिकसाहेब!"

"मी ड्रायव्हर," मी म्हणालो. "मेकॅनिक त्या. माझी बहीण, रचना." आणि खोकी उतरवायला मागे गेलो.