चौकातलं हरीण

सुरा मटणावर टेकवायचा, पण चालवायचा नाही. मान वर करून गिऱ्हाइकाकडे बघायचं आणि विचारायचं, "खानारा कितला शेतस?" उत्तर मिळेपर्यंत आमच्या चौकातल्या मटणवाल्या आक्कांचा हात हलत नसे. चार जण म्हटलं की चार जणांना पुरेल तेवढंच मिळायचं. एकदा पाहुण्यांपुढे कमी पडू नये म्हणून मी दोन किलो मागितलं, तर त्यांनी किलोभरच तोललं आणि वर विचारलं, "उरनं ते कोठे फेकशात, मास्तर?" रांगेतली माणसं हसली, मग मीही हसलो.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक जास्त मागतंय आणि ही बाई कमी देते, ही कसली दुकानदारी? पण त्यांच्या डोक्यात ते पक्कं होतं. एका लग्नघरी अर्धं पातेलं मटण उकिरड्यावर गेलं, तर त्या घराला त्यांनी वर्षभर दारात उभं केलं नाही. बाई काही संत नव्हती. तोंडाने फटकळ, दाढेत कायम तंबाखू, आणि हाडं घालताना हात जरा सैल. भाव कमी करा म्हणणाऱ्याला त्या भाजीबाजाराचा रस्ता दाखवायच्या.

नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीने चालवलं. बोकडं शिरपूरकडून यायची. कापण्याआधी प्रत्येकाला पाणी पाजायच्या. एक कापताना दुसऱ्याला दिसू द्यायच्या नाहीत. आणि ते काम आटोपेपर्यंत स्वतः चहासुद्धा घेत नसत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या की, कोणाचा जीव घ्यायचा तर निदान भरल्या पोटी घेऊ नये. एवढं सांगून त्यांनी मला बाजूला सरकायला लावलं, कारण मी गिऱ्हाइकाच्या वाटेत उभा होतो.

दुकानासमोर चौकापलीकडे दादांचा बंगला. दादा म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मालक आणि मी ज्या शाळेत शिकवतो त्या संस्थेचे अध्यक्ष. घर शुद्ध शाकाहारी. टांगलेलं मटण बघून पाहुण्यांना मळमळतं, अशी त्यांची तक्रार होती. आक्कांनी वाद घातला नाही. हिरव्या कापडाचा पडदा शिवून आणला आणि दुकानावर सोडला.

त्यानंतर दादा परदेशात शिकारीला जाऊन आले. तिकडे कायद्याने परवानगी मिळते, पैसे भरले की झालं. आल्यावर त्यांचा वाढदिवस होता. चौकात, नेमका आक्कांच्या दुकानासमोर, दुमजली उंचीचा फ्लेक्स लागला. पीळदार शिंगांचं एक भलंमोठं हरीण मरून पडलेलं. मागे दादा गुडघ्यावर बसलेले, मांडीवर बंदूक, आणि दोन्ही हातांनी शिंगं धरून त्याची मान कॅमेऱ्याकडे वळवलेली. दादा हसत होते. खाली लिहिलं होतं, 'निसर्गप्रेमी, दिलदार नेतृत्व'. मला आजही ते शब्द आठवले की संताप येतो.

आक्कांनी हात पुसले, रस्ता ओलांडला आणि मला अक्षरं वाचायला लावली. मी वाचली.

"यानी खादं का ते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दादा कुठे खातात. मांस तिथल्या गावकऱ्यांना वाटलं आणि भरलेले पैसे जंगलाच्या कामी आले, असं ते शाळेत सांगत होते. आक्का म्हणाल्या की, ज्यांना खायचं होतं त्यांनी मारलं असतं, आणि जंगलाला पैसे द्यायचे होते तर हा इथूनही देऊ शकला असता. मी म्हटलं, हौस असते एकेकाला.

"जलमभर मारस मी," आक्का म्हणाल्या. "पन मरेल जनावरनं मुंडकं धरीसन हासाले माले नही जमस."

त्याच दिवशी त्यांनी दुकानाचा पडदा काढून घडी घालून ठेवला. फ्लेक्स उतरेल तेव्हा पडदा सोडीन, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या. दादांना ते झोंबलं. दुकानच चौकातून हलवावं असा अर्ज नगरपालिकेत गेला. सह्यांचा कागद शाळेत फिरला. मी दर रविवारी आक्कांकडचं मटण खाणारा माणूस. मी सही केली. नोकरी होती, मुलीचं लग्न व्हायचं होतं, अशी कारणं मी स्वतःला सांगितली. आमच्या स्टाफरूममधल्या सगळ्यांकडे अशीच कारणं होती.

सुनावणीला आक्का एकट्या आल्या. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "मन्हं मटन पडदामा, आनि दादानं मरेल जनावर चौकमा. हाई कोनता कायदा शे?" साहेबांनी सांगितलं की फ्लेक्सला रीतसर परवानगी आहे. मग अर्जदारांची नावं वाचली गेली. माझं नाव आलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. वीस वर्षं ज्या हातचं खाल्लं, त्या बाईच्या पोटावर पाय देऊन मी मूग गिळून बसलो होतो.

दुकान उठवायचा हुकूम निघाला. शेवटच्या रविवारी मी गेलो. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. आक्कांनी नेहमीसारखं किलोभर तोललं, चांगले तुकडे निवडून. मी पिशवी घेतली आणि इकडेतिकडे पाहत ती चटकन खांद्यावरच्या झोळीत लपवली. त्यांनी ते पाहिलं.

"मास्तर, खावानी लाज वाटू नका दिऊ," त्या म्हणाल्या. "सहीनी वाटू द्या."

आक्का नंतर शिरपूरच्या पलीकडे भावाच्या गावी गेल्या. दुकानाच्या जागी आता पेव्हर ब्लॉक आहेत, कुंड्या आहेत आणि फोटो काढायला रंगीत अक्षरांचा सेल्फी पॉइंट आहे. लोक तिथे हसून उभे राहतात.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. दुसऱ्याच दिवशी सही मागे घ्यायला नगरपालिकेत गेलो. कारकून भला माणूस. दुकानच उठलं, आता काय उपयोग, म्हणाला. मी हटत नाही असं पाहून त्याने कोरा कागद पुढे केला आणि विचारलं, "काय लिहायचं? तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली होती का?"

मी नाही म्हणालो. मग कोरा कागद तसाच त्याच्याकडे सरकवला आणि उठून घरी आलो.