मैनपाटला निघालेली गाडी

शेजारचे काका रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा त्यांनी जुनी मिनीबस घेतली आणि तिचं फिरतं घर करायला घेतलं. "या थंडीत तुह्या काकूले मैनपाटचा पहाड दाखवतो," म्हणायचे. पण दर हिवाळ्यात काहीतरी राहायचंच, कधी ओटा, कधी पडदे. "अधुरं घर घेऊन काहून निघू?" निघा हो, पडदे वाटेत लावा, असं कुणीतरी दटावायला हवं होतं.

आता गाडीतलं घर पुरं झालंय आणि काकूंचे गुडघे गेलेत. गाडीची पायरी चढवत नाही. सकाळी काका गाडीत चहा करतात आणि खाली अंगणात खुर्चीवर बसलेल्या काकूंना खिडकीतून कप देतात.

"मैनपाट आलं. शाल घे."

काकू आपल्याच फाटकाकडे बघत म्हणतात, "एवढ्या लवकर आलं जी?"