विचारून लावलेला हात

सुलभाताई लिमये नसत्या, तर माझ्या नावापुढे आज ऑस्टिओपॅथ लागलं नसतं, खुनी लागलं असतं. म्हणून नाव आधी घेते. काय झालं ते मग.

हाडं, सांधे, स्नायू हातांनी मोकळे करायची विद्या आमच्या कॉलेजात शिकवत आणि गरीब वस्त्यांत दवाखाने चालवत. लंडनच्या हाउन्सलो भागातला दवाखाना चर्चच्या हॉलमध्ये होता. ताई तिथल्या ट्यूटर. मी इचलकरंजीत नववीत शाळा सोडलेली, भावामागोमाग इथे येऊन एअरपोर्टच्या किचनमध्ये जेवणाचे ट्रे भरणारी. कॉलेजने मला घेतलं ते ताईंच्या शब्दावर. काही चुकलं की पहिली मलाच काढतील, ही धास्ती पोटात कायम.

पेशंटला हात लावण्याआधी ताई गरम पाण्याच्या पिशवीवर तळवे शेकायच्या आणि विचारायच्या, "लावू का हात?" वर्षानुवर्षं येणाऱ्या म्हातारीलाही, प्रत्येक वेळी. आम्ही विद्यार्थी एकमेकांवर सराव करायचो. एकदा मी घाईत वर्गमित्राचा खांदा पकडला, तर त्यांनी माझं मनगट बाजूला केलं. "विचारलंस का त्याला? खांदा त्याचा आहे, बाई."

एका दुपारी खिडकीतून वीट आली. पोरं 'पाकी, पाकी' ओरडत पळाली. ताईंच्या कानाला काच लागून रक्त गळत होतं. "शिवीसुद्धा चुकीच्या देशाची देतात मेले," म्हणाल्या, आणि टेबलावरच्या पेशंटला विचारून तिच्या केसांतल्या काचा वेचू लागल्या.

पॅम नावाची एक बाई यायची. दर वेळी जिन्यावरून पडलेली. तो जिना एके दिवशी दवाखान्यातच आला. नवऱ्याने पॅमला केसांना धरून टेबलावरून खाली खेचलं. ताई दारात आडव्या झाल्या, तर त्याने त्यांचा उजवा हात चौकटीत धरून दार आपटलं. पुन्हा आपटलं. हाडाचा आवाज मी वर्गात खूप ऐकला होता. हा तसला नव्हता. मग तो पॅमच्या छातीवर बसून तिच्या तोंडावर ठोसे मारू लागला.

त्याची पाठ माझ्याकडे होती. माझा एक तळवा त्याच्या हनुवटीखाली गेला, दुसरा कवटीमागे. मान वळवून ताण घेतला. पकड अगदी बरोबर बसली होती. आता एक झटका, आणि तो मला द्यायचा होता.

"विचारलंस का त्याला?"

ताई जमिनीवरून बोलल्या, मराठीत, वर्गातल्याच आवाजात. माझे हात सुटले. त्याने वळून मला भिंतीवर फेकलं, दोन दात गेले. तोवर बाहेर बसलेल्या पेशंटनी धावत येऊन त्याला पाडलं आणि पोलीस येईपर्यंत दाबून धरलं.

पॅम कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. ताई सरकत तिच्याजवळ गेल्या, डावा हात पुढे केला, विचारलं. पॅम म्हणाली, "नको." ताईंनी हात मागे घेतला आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिच्या शेजारी नुसत्या बसून राहिल्या.

कॉलेजने चौकशी केली. ताईंनी काही लपवलं नाही, माझी पकडसुद्धा. "तिने धरलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि एका शब्दावर सोडलं. याहून जास्त मी काय शिकवणार?" मी राहिले. त्यांचा अंगठा मात्र पुन्हा वळला नाही. त्यानंतर त्या शेजारी उभ्या राहून सांगायच्या आणि हात माझे चालायचे.

आता त्या ब्रिस्टलला लेकीकडे असतात. मान आखडलेली, पण कुणाला बघू देत नाहीत. फोनवर म्हणतात, "माझ्यावर सराव नको हं."

करणार नाही, ताई. पण एक दिवस येईन, तुमच्याच पिशवीवर तळवे शेकेन आणि विचारेन. नको म्हणालात, तर शेजारी बसेन. आणि पुन्हा येईन.