शाळंचं बेचाळीस पत्रं

त्या दिवशी सकाळी मच्छिंद्रनाना खांद्यावर शिडी घेऊन शाळंकडं निघाले, आन मागून शिडीचं दुसरं टोक धरून चांगुना, त्यांची बायकू. तिला खरं म्हंजे शिडी न्यायची नव्हती, अडवायची हुती. पन साठीच्या मानसाला भर रस्त्यात ओढायचं कसं, म्हनून ती टोक धरून चालत हुती आन बोलत हुती.

"अवो, चार पावलं चाललं की धाप लागती तुमाला. छपरावर काय ठिवलंय तुमचं?"

"बेचाळीस पत्रं."

"ते वीस वर्सं तिथंच हायेत. पळून चाललेत का?"

"बेस्तरवारी बन्सी हातोडा घालनार हाय त्येला," नाना म्हनाले, आन थांबून दम घेतला. "तवा आज बघून ठिवायला पायजे."

हे त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यातलं. बोरवाडी कर्जतच्या बाजूला, आन त्या साली तिकडं चिमणीला चोच वली करायला पानी नव्हतं. विहिरी खडखडीत. एक दिसाआड टँकर यायचा आन त्याच्यापुढं हंड्यांची रांग लागायची. मानसं खडी फोडायच्या कामावर, पोटात लाल मिलोची, म्हंजे अमेरिकेच्या जवारीची, भाकर. अशात शाळंला नवे लोखंडी पत्रे मंजूर झाले. जुने शिमिटाचे पत्रे तडकले हुते, ते उतरवायचे. काम बन्सी मिस्त्रीकडं. शाळा जूनात भरनार, त्याच्या आत उरकायचं.

आता त्या जुन्या पत्र्यांचं नानांना एवढं का, ते सांगायला पायजे. ते पत्रे नानांनीच आनले हुते.

नाना तरुनपनी मुंबईकडं शिमिटाचे पत्रे बनवनाऱ्या कारखान्यात हुते. अठरा वर्सं. तिथं गोनीतून कापसासारखा दगडाचा तंतू यायचा, अ‍ॅसबेस्टॉस म्हनायचे त्याला, तो झटकून शिमिटात कालवायचा. गोन्या फोडायच्या खात्यात नाना. घरी पत्र लिहायचे, हितं उन्हाळ्यातबी बर्फ पडतंय. गावाकडं लोकांना खरंच वाटायचं. गावच्या शाळंवर तवा पाचटाचं छप्पर हुतं, ते एकदा जळालं. नानांनी मालकाच्या मागं लागून बेचाळीस पत्रे मिळवले, रेल्वेनं नगरला आनले आन तिथून बैलगाड्यांनी गावात. एक पत्रा फुटला न्हाई. गावानं वाजतगाजत त्यांच्या गळ्यात हार घातला, आन चांगुनाच्याबी. तिनं तो हार गाईला खाऊ घातला.

पुढं खात्यातली मानसं खोकायला लागली. एकेक करून गावी गेली आन तिकडंच गेली. डाक्तर म्हनायचा, छातीत धूळ बसलीया, ती निघत न्हाई. नानांनाबी खोकला लागला तसे ते नोकरी सोडून आले. पन एक गोष्ट त्यांनी तिथं बघितली हुती. ज्या बाजूला गळक्या नळानं फरशी वली राहायची, तिथं धूळ उडत नव्हती आन तिथली मानसं कमी खोकायची. तेवढी एक अक्कल घेऊन ते गावी आले. पत्रा डोक्यावर गुमान बसलाय तवर त्याचं काय भ्या न्हाई. फोडला, कापला, घासला की वाईट. काढायचाच तर वला करून, अख्खा काढायचा.

तवापासून पंचक्रोशीत कुनी जुनं घर पाडायला न्हाईतर दुरुस्तीला काढलं की नाना न बोलावता हजर. हातात काठी, खिशात गेरूचा खडा. घराला चक्कर मारायची, काठीनं ठोकायचं, आवाज ऐकायचा, फुटक्या कडंला नाक न लावता डोळं बारीक करून बघायचं. पत्राच न्हाई, न्हानीचा पाइप, धुराडं, पान्याची टाकी, समदं. जिथं तो तंतू असंल तिथं गेरूचा लाल गोल काढायचे. गोल म्हंजे हातोडा लावायचा न्हाई. मग च्या प्यायचे. च्या न्हाई दिला तर दुसरी चक्कर मारायचे.

लोक हसायचे. पन एकदा काय झालं, मालनबाईच्या गोठ्याच्या पत्र्यावर नानांनी गोल काढला आन नेवाशाला पाव्हण्याकडं गेले. मालनबाईला गोलाचा अर्थ कुनी सांगितला न्हाई. तिनं सकाळी लाल गोल बघितला, देव परगटला म्हनून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आठ दिसांनी नाना आले तर गोठ्यापुढं पाच बाया बसलेल्या, आन मालनबाईचा पोरगा, ज्यानं पत्रा फोडायला घन आनला हुता, तो त्या घनालाच हळद लावून बसलेला.

नानांनी आत डोकावून बघितलं आन बाहेर येऊन चांगुनाला म्हनाले, "खरं सांगू का गप बसू?"

"गप बसा," चांगुना म्हनाली. "घनापेक्षा नारळ बरा."

तो पत्रा अजून तसाच हाय.

तर त्या सकाळी शाळंपुढं शिडी लावली. चांगुनानं खालून धरली आन नाना चार पायऱ्या चढले, थांबले, चार चढले, थांबले. पत्र्यावर पाय दिला न्हाई, वरच्या पायरीवरूनच काठीनं ठोकत आन गेरूचे गोल काढत गेले. मग उतरायचं, शिडी दोन हात सरकवायची, परत चढायचं. बारा ठिकानी शिडी लावली. चांगुना प्रत्येक टायमाला म्हनायची, आता बास, आन प्रत्येक टायमाला शिडी तीच सरकवायची.

तेवढ्यात सरपंच आबासाहेब आले, संगं बन्सी. बन्सी नानांच्या भावकीतला, पुतन्या लागायचा.

"काय नाना, छपराला कुकू लावताय?" आबासाहेब म्हनाले.

"सतरा पत्रं तडकल्यात, पंचवीस धड हायेत," नाना वरूनच म्हनाले. "एकालाबी हातोडा नको. पाना लावून बोल्ट सोडवा, आन आधी भिजवा. दोन पिपं पानी लागंल."

आबासाहेबांनी टोपी काढली आन परत घातली. "नाना, मानसाला घोटभर न्हाई आन तुमी पत्र्याला आंगूळ घालता व्हय? बाया मला टँकरखाली घालतील."

"हातोड्यानं फोडलं तर धूळ वर्गात बसंल. जूनात लेकरं त्याच धुळीत मांडी घालून बसत्याल. सारवलं तरी ती जात न्हाई, आबासाहेब, फटीत राहती."

"अवो, हातोड्यानं अर्ध्या दिसाचं काम हाय," बन्सी म्हनाला. "बोल्ट गंजल्यात. पाना लावून एकेक सोडवायचा तर चार दिस जातील."

"तुझी दोन लेकरं हायेत ना रं शाळंत?"

बन्सी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"हे मी आनलं हुतं गावात," नाना म्हनाले. "हार घालून घेतला. आता बाहेर काढायचं तर नीट काढू द्या."

आबासाहेब मानूस वाईट न्हाई. पन पान्याच्या बाबतीत त्या साली कुनालाच मन मोठं करता येत नव्हतं. ते म्हनाले, "बघू," आन निघून गेले. बघू म्हंजे न्हाई, हे बोरवाडीतल्या शेळीलाबी कळत हुतं.

घरी आल्यावर नाना अर्धी भाकर खाऊन बाजंवर आडवे झाले. धाप जरा जास्तच हुती. चांगुना उशाला बसली.

"आपल्या वाटंचं दोन हंडं पानी देऊ आपुन," नाना म्हनाले.

"दोन हंड्यात दोन पत्रं भिजतील. आन आपुन काय पिऊ?"

"च्या."

"च्या कशात करू, गेरूत?"

नाना हसले. हसताना खोकला आला, तो थांबला. म्हनाले, "गुळाचा कर. जरा गोड कर, आज लई शिडी सरकवली तू."

ती चुलीकडं गेली. दोन काटक्या सारल्या, फुंकर घातली. आधान उकळाय लागलं तवा तिनं हाक मारली, गूळ केवढा टाकू. उत्तर आलं न्हाई. तिनं परत विचारलं न्हाई. उठून गेली आन बघितलं.

मानसं जमली. रंगुबाई शेजारीन रडता रडता चूल इझवायला गेली, तर चांगुना म्हनाली, "च्या हाय त्याच्यात, सांडू नको. जमलेल्यांना दे." मानसांनी डोळं पुसत तो च्या प्याला. लई गोड झाला हुता, गूळ दोनदा पडला हुता.

बन्सी भावकीतला, त्याला सुतक. दहा दिस हत्याराला हात लावायचा न्हाई. म्हनून बेस्तरवार गेला आन शाळंचं काम आपोआप थांबलं. पन आबासाहेबांनी दुसऱ्याच दिशी चार मानसांत सांगून टाकलं, दहावा झाला की अकराव्याला हातोडा, आता टाइम न्हाई. चांगुनाच्या कानावर ते आलं. ती नुसती कोपऱ्यात बसून राहायची. नानांची काठी कुनी उचलून ठिवली तर परत खाली आडवी ठिवायची.

त्या साली एक रीत पडली हुती. मयताच्या घरी जायचं तर आपलं पानी आपुन न्यायचं, कारन दहाव्याला आंगूळ करावी लागती आन घरवाला तेवढं पानी आननार कुठून. दहाव्या दिशी पाव्हणे आले ते डोक्यावर कळशी घेऊनच. नेवाशाची नणंद बनुबाई एसटीतून दोन कळश्या तोंडाला फडकं बांधून घेऊन आली, अर्ध्या वाटंत थोडं पानी कंडक्टरच्या पायावर सांडलं म्हनून त्याच्याशी भांडूनच उतरली. गावातल्या घराघरातून कुनी तांब्या, कुनी घागर. कोरड्या वढ्याच्या काठाला समदी भांडी वळीनं मांडली.

भटजींनी पिंड मांडले. समदे मागं सरकून उभे राहिले. आबासाहेब पुढं हुते, कावळा शिवला न्हाई तर काय काय बोलावं लागतं ते त्यांनी मनात जुळवून ठिवलं हुतं. पन दुष्काळात कावळ्याला तरी कुठलं खायला. पिंड ठिवून भटजींचा हात मागं येतो न येतो तवर तीन कावळे एकदम आले आन भांडत भांडत पिंड घेऊन गेले. एक तर दर्भबी घेऊन गेला.

आबासाहेबांना मोकळं वाटलं. म्हनाले, "बघा, नाना तृप्त गेले. काय इच्छा राहिली नव्हती."

चांगुना दहा दिसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "आबासाहेब, कावळा उपाशी हुता. त्याचं काय सांगता. इच्छा काय हुती ते मला ठावं हाय, तुमालाबी ठावं हाय आन बन्सीलाबी."

भटजी पोथी गुंडाळता गुंडाळता थांबले.

"ही समदी भांडी आंगुळीची ना?" तिनं वळीकडं हात केला. "वल्या फडक्यानं तोंड पुसा आन हातपाय पुसा, झाली आंगूळ. नाना तुमच्यावर रागावनार न्हाईत. पानी शाळंला न्या."

"अगं पन वैनी, दहाव्याची आंगूळ," बनुबाई म्हनाली. "बिनआंगुळीचं घरात कसं घ्यायचं मानसाला? सुतक कसं फिटनार?"

सगळ्यांनी भटजींकडं बघितलं. भटजी शामकांत जोशी, शाळंतच मास्तरकी करायचे, सुट्टीत भटजीपन. त्यांनी आधी भांड्यांकडं बघितलं, मग शाळंकडं. "पानी नसंल तर मंत्रस्नानानं चालतं," ते म्हनाले. "चार थेंब अंगावर उडवायचे."

"थेंब कुनाच्या तांब्यातनं?" बनुबाईनं विचारलं.

"तुमच्याच. दोन कळश्या तुमीच आनल्यात."

तेवढ्यावर लोक हसले. दहा दिसांत पहिल्यांदा. हसता हसता भटजींनी थेंब उडवले, आन बनुबाईनं पदर कंबरंला खोचून पहिली कळशी उचलली.

सुतक फिटलं तसा बन्सी घरी पळाला आन पाना घेऊन आला, संगं गंजलेल्या बोल्टाला गोडं तेल. शाळंपुढं शिडी लागली. बाया खालून तांबे द्यायच्या, एक गडी वरून हळूहळू वतायचा, पत्रा काळा पडंपर्यंत. तोंडाला समद्यांनी उपरनी बांधली. बन्सीनं पहिला बोल्ट सोडवला, दुसरा सोडवला, तिसऱ्याला शिव्या घातल्या. चौघांनी धरून पत्रा खाली आनला. अख्खा. आबासाहेब खाली उभे, पत्र्याच्या पन्हळीतलं पानी त्यांच्या पांढऱ्या धोतरावरून उतरलं.

"ही झाली बघा तुमची आंगूळ," चांगुना म्हनाली.

दुपारपातूर नऊ पत्रे उतरले आन भांडी रिकामी झाली. बन्सी शिडीच्या खाली बसला, तोंडावरचं फडकं काढून म्हनाला, "काकू, पानी संपलं. राहिलेत तेहेतीस."

बायांनी रिकामी भांडी उचलली, पन घरी कुनी गेलं न्हाई, तशाच उभ्या राहिल्या.

तितक्यात फाट्यावर टँकरचा धुरळा दिसला. तो रोजच्यासारखा वळून विहिरीकडं जायला लागला, तसे आबासाहेब वलं धोतर दोन हातांनी वर धरून रस्त्यात पळाले आन टँकरच्या पुढं आडवे उभे राहिले. ड्रायव्हरनं मुंडी बाहेर काढली.

"आधी शाळा," आबासाहेब म्हनाले. "दोन पिपं भर. मग विहीर."

"सरपंच, बाया मारतील मला."

"बाया शाळंपाशीच हायेत. तू वळव."

ड्रायव्हरनं गाडी वळवली. चांगुनानं शाळंच्या वसरीतलं रिकामं पिंप आडवं केलं आन गडगडत रस्त्याच्या कडंला आनून उभं केलं.