केतुरामावशीची साक्ष

माझी केतुरामावशी पैसे घेऊन मयतावर रडायचं काम करायची. आमच्या बेथानीत आणि डोंगरापलीकडे यरुशलेमातही तिला बोलावणं यायचं. मी तिच्या मागे सूर धरायची. तिने पहिला हंबरडा फोडला की शेजारचे कुत्रेसुद्धा गप्प व्हायचे. एरवी बाई भारी हसरी. घरात कांदा चिरतानाही डोळ्यांत पाणी यायचं नाही.

खालच्या आळीतल्या दोन बहिणींचा भाऊ वारला, तेव्हा आम्हीच रडलो. तीन दिवस मावशीने घसा फोडला. चौथ्या दिवशी गालीलकडचे एक फिरते गुरुजी आले, त्यांनी भावाला ठेवलेल्या गुहेवरची धोंड बाजूला करायला लावली, आणि हाक मारली. भाऊ कापडात गुंडाळलेला तसाच चालत बाहेर आला! मी मावशीच्या मागे दडले. मावशी मात्र कमरेवर हात ठेवून पुटपुटली, "अरे बाबा, माझं एवढं रडणं फुकट घालवलंस की!"

आठवड्याभरात शहरातून दोन शास्त्री चौकशीला आले. एक वयस्कर, हनिना नावाचे. दुसरा तरणा, फार तोऱ्यात. मावशी अंगणात मसूर निवडत होती.

"बाई, तो माणूस खरंच मेला होता?" तरण्याने विचारलं.

"नाही, झोपला होता. म्हणून तर त्याच्या बहिणींनी मला अंगाई गायला बोलावलं!"

"नीट उत्तर द्या. मूर्च्छा आली असेल."

"शास्त्रीबुवा, तीस वर्षं मयतं बघतेय. तुम्हाला ग्रंथातली अक्षरं कळतात ना, तशी मला मढी कळतात. चौथ्या दिवशी गुहा उघडली, तेव्हा वास आला होता. मूर्च्छेला वास येतो होय?"

हनिना दाढीआड हसले असं मला वाटलं. तरणा चिडला. "लोक त्या गालीलकराच्या मागे लागलेत. याचा शेवट वाईट होणार. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की मला नक्की ठाऊक नाही."

"म्हणजे मला माझं काम येत नाही, असं मीच सांगू?"

"नाहीतर सभास्थानातून बाहेर काढू!"

मी मावशीचा पदर ओढला. तिने तो झटकला. "काढा! बाहेर बसून तुमचं प्रवचन जास्तच ऐकू येतं, आणि उठून जायलाही बरं."

हनिना म्हणाले, "चल रे," आणि त्याला घेऊन गेले. पुढे कानावर आलं, की शहरातल्या वरच्या मंडळींनी त्या भावालाच पुन्हा मारायचं घाटलंय. मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "बघा की डोकं! एकदा मरून परत आलेल्याला मरणाची भीती घालतायत!"

तिला सभास्थानातून काढलं नाही, पण शहरातल्या मोठ्या घरची बोलावणी बंद झाली. ती वरवर हसायची, एकदा मात्र मला म्हणाली, "पोरी, खोटं रडणं येतं गं मला. खोटं बोलणं नाही जमत."

वसंत सरता सरता एके दुपारी दारात हनिना उभे. त्यांची आई गेली होती.

"शहरात रडणाऱ्या बायका संपल्या का?" मावशीने विचारलं.

"आईने तुमचंच नाव सांगितलं होतं."

मावशी लगेच उठली. त्यांच्या घरी तिने म्हातारीचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. मग हनिनांकडे बघून म्हणाली, "गेल्यात. माझ्या शब्दावर विश्वास आहे ना?"

ते खाली बघून म्हणाले, "आहे."

मग ती अशी रडली, की हनिनांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

परतताना वेशीपर्यंत ते आम्हाला सोडायला आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, तो तुमचा परत आलेला शेजारी... तिकडे काय पाहिलं, काही सांगतो का?"

"विचारलं मी. म्हणाला, उठलो तेव्हा भूक लागली होती, एवढंच."

 हनिना मान हलवत शोकघराकडे वळले.