वडनेरच्या पलीकडे, विषय शोधायला

प्रबंधाचा विषय शोधायला कुणी मुद्दाम वर्धा जिल्ह्यात जात नाही. मी गेले, कारण वर्ध्याला मावशी राहते आणि दुसरीकडे कुठं मला एकटीला घरून सोडलं नसतं. आमच्या अभ्यासक्रमाला लँडस्केप प्लॅनिंग म्हणतात. जमिनीचा उतार, पाणी, वारा, झाडं पाहून माणसांनी कुठं आणि कसं वसावं ते कागदावर आखायचं. वर्गातल्या सगळ्यांचे विषय ठरले होते. माझेही ठरत होते, आणि आठवड्याभरात मीच ते खोडत होते. होळी झाली तेव्हा सरांनी बजावलं, "महिनाअखेर विषय आला नाही तर वर्ष गेलं समजा." वर्ष गेलं असतं तर पुढच्या वर्षी घरून पुन्हा पाठवतील याची मला खात्री नव्हती.

माझं सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. बाबा गणित शिकवत, आणि सोडवलेलं गणित पुन्हा शेवटाकडून सुरुवातीकडे तपासायला लावत. तेव्हापासून मला कुठलीच गोष्ट एकदा पाहून पटत नाही. विषय शोधणाऱ्याला ही सवय फार जाचते.

नागपूरहून सकाळची पॅसेंजर घ्यावी. ऊन चढायच्या आत वर्धा येतं. स्टेशनवर मावशी उभी होती. टांग्यात बसल्या बसल्या तिनं माझे सगळे खोडलेले विषय ऐकून घेतले आणि म्हणाली, "विषय पाहून राह्यली का नवरा? जो येते त्यात तुले खोटच दिसते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मोटारीनं आंजीला गेलो. कंडक्टर आण्यांचे नवे पैसे करत होता आणि प्रत्येक उतारू त्याच्याशी हुज्जत घालत होता. सुटे घेऊन जा, एवढंच सांगते. आंजीला बाजार भरला होता. बाजाराची जागा आणि तिथली सावली हा विषय मी मनात पक्का केला होता. मी फीत काढून कडुनिंबाची सावली मोजायला लागले, तर खाली बसलेला चिवडेवाला दचकला.

"काय मोजून राह्यल्या, बाई? टॅक्स लागनार हाय का?"

"नाई जी," मावशी म्हणाली, "तुमची सावली मोजून राह्यली."

"मोजा मंग. सावलीले कोन टॅक्स लावते!"

चिवडा चांगला होता, भरपूर कांदा घातलेला. पण तासाभरात माझा विषय गेला. गाड्या उन्हात, बैल ओढ्याच्या कडेला, भाजीवाल्या झाडांखाली, सगळं जिथं असायला हवं तिथंच होतं. मी जे काही आखलं असतं त्यानं बाजार बिघडला असता. परतताना मावशी गप्पा मारत होती आणि मी खिडकीतून पळसाची लाल झाडं बघत होते. मला ती अजिबात आवडली नाहीत.

वडनेरकडे जायचं ठरवलं ते मावशीच्या दिरांमुळे. त्यांचं गाव वडनेरच्या पलीकडे आहे. त्यांना मी काका म्हणते, ते तिथले पंच. गावाचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढं कळेल. वर्ध्याहून हिंगणघाट रेल्वेनं, तिथून हैदराबाद रस्त्यावरची मोटार. ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून पाण्याचा तांब्या जवळ असू द्या. वडनेरला आम्हा दोघींना न्यायला काकांची बंडी आली होती. काळ्या मातीला एवढ्या भेगा पडल्या होत्या की बैल पाय जपून टाकत होते.

काकांच्या घरी मुंगवड्यांचा रस्सा आणि ज्वारीची भाकर जेवलो. जेवतानाच काका म्हणाले, "गावठान वाढवाचं हाय आमाले. नवीन प्लॉट पाडाचे. तू शिकली ना थेच? मंग आखून दे."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. हा विषय होता. खरं गाव, खरी गरज, आणि कुणी तरी मला विचारत होतं.

गाव एका उतारावर आहे. पश्चिमेला उंच, तिथं काकांच्या आणि बाकी सवर्णांच्या गल्ल्या; पूर्वेला नाल्याकडे उतरतं. नाल्याजवळ बौद्धांची वस्ती, भिंतीला भिंत लागून. धर्मांतर होऊन फार दिवस झाले नव्हते. नवीन प्लॉट मागितले होते ते त्यांनीच. पडीत जमीन दोन्हीकडे होती, वर पश्चिमेलाही आणि खाली नाल्याच्या अंगालाही.

मी दिवसभर काम केलं. अर्धी भरलेली बाटली आडवी धरून उतार पाहिला. कापसाचा पुंजका सोडून वारा पाहिला. दुपारनंतर तो पश्चिमेकडून येत होता. काका म्हणाले, "आता काईच नाई. ज्येष्ठात पाहजो, उभा मानूस हालते." पुस्तकातले नियम मला पाठ होते. नवीन घरं जुन्या घरांना लागून असावीत, म्हणजे रस्ते कमी लागतात. उकिरडे वाऱ्याच्या खालच्या बाजूला, उताराच्या तळाशी. मी एकेक नियम लावत गेले आणि नकाशा आपोआप उमटत गेला. पश्चिमेची पडीत वरच्या गल्ल्यांना लागून होती, ती त्यांच्या वाढीला गेली. पूर्वेची वस्तीला लागून होती, ती वस्तीला. उकिरडे वरच्या गल्ल्यांचा उतार संपतो तिथं, म्हणजे गल्ल्या आणि वस्ती यांच्या मध्ये. संध्याकाळी मी तो उलट्या बाजूनं तपासला. कुठंही अडलं नाही.

काकांनी कागद ओसरीवर पसरला आणि मोठ्यानं हसले. "वहिनी, पोरगी हुशार हाय वो! तहसीलीतला साहेब आला असता तं उलटंपालटं करून गेला असता. हे तं आमचंच गाव काढलं. जसं बापजाद्यानं वसवलं, तस्संच."

मावशी कौतुकानं माझ्याकडे पाहत होती. मी कागदाकडे पाहत होते. उंचावर कोण आणि नाल्याकडे कोण, हे तोपर्यंत मला दिसलं नव्हतं.

सकाळी उठले तर काकांचे गडी नाल्याच्या अंगाला खुंट्या ठोकत होते. "चांगल्या कामाले उशीर कायले?" काका म्हणाले. मी नकाशा घेऊन मावशीबरोबर वस्तीत गेले. तिथं सातवी झालेली शांता नावाची मुलगी भेटली. तिनं "जयभीम, ताई" म्हणून आत बसवलं. भिंतीवर बुद्धाचं नवं चित्र होतं. तिनं नकाशा माझ्याहून लवकर वाचला.

"वरच्या अंगाले आमची घरं काऊन नाई?"

मी अंतराचं सांगितलं. मग वाऱ्याचं.

"वारा आमच्याकून त्याइच्याकडे गेला तं काय होते?"

मी उकिरड्यांचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. शांता म्हणाली, "आमी धर्म बदलला, ताई. तुमाले जागा नाई बदलता आली?"

चुलीपाशी बसलेली तिची आई तिला म्हणाली, "रागवू नको तिच्यावर. तिनं थोडीच गाव वसवलं."

"वसवलं नाई, पन आखलं तं तिनंच ना?"

तरीही शांतानं चहा दिला. गुळाचा होता.

दुपारी मी दुसरा नकाशा काढला. सगळे नवे प्लॉट, वस्तीचेही आणि वरच्यांचेही, पश्चिमेच्या उंचावर, कुणाचा कुठला ते चिठ्ठ्या टाकून. रस्ता लांबत होता, विहीर दूर जात होती. मला त्याची पर्वा नव्हती. काकांनी तो शांतपणे पाहिला. त्यांना राग आला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"कागदावर काईबी जमते, पोरी. इथं कोनी रायले जानार नाई. आमचे तं नाईच नाई."

"मग त्या खुंट्या काढा ना, काका."

"थ्या राहू दे. कॉलेजच्या बाईनं आखल्या म्हनून सांगू तहसीलीत. मंग कोनाची बोलाची टाप नाई."

परत निघताना मी बंडी थांबवून एक खुंटी उपटायला गेले. वाळलेल्या मातीत ती जराही हलेना. मावशी खाली उतरली, माझे हात झाडले आणि म्हणाली, "चाल. उपटली तं पुन्हा ठोकतीन." सगळ्या वाटेवर तिनं माझी एकदाही थट्टा केली नाही.

नागपूरला परतल्यावर सरांना दोन्ही नकाशे दाखवले. पहिल्यावर ते खूश झाले. "हाच तुमचा विषय. उतार, वारा, अंतर, सगळं चोख आहे."

"सर, यात चूक आहे."

"कुठं? दाखवा."

मी पेन्सिल उचलली. नकाशाभर फिरवली. बोट ठेवायला जागा सापडली नाही. दुसरा नकाशा बघून ते म्हणाले, "हा आराखडा आहे की भाषण?" घरी बाबांनी दिव्याजवळ बसून पहिल्याचे सगळे आकडे तपासले, माझ्या विनंतीवरून. त्यांनाही चूक सापडली नाही. शाबास म्हणाले.

तुम्हाला तिकडे जायचं असेल तर फाल्गुनात जा, पळस फुललेला असतो आणि माणसं आग्रहानं जेवू घालतात. नाल्याकाठी खुंट्या दिसल्या तर त्या कुणी आखल्या हे गावात विचारू नका. मावशी सांगत होती, वस्तीतलं अजून कुणी तिकडे फिरकलेलं नाही. काका म्हणतात, फिरकतील, जातील कुठं?

पहिला नकाशा मी विषय म्हणून दिला नाही. शेवटच्या दिवशी सरांनी कंटाळून विचारलं, "मग एखाद्या बंगल्याची बाग करता का?" बागेत फरसबंदी, हौद, गुलाबाचे वाफे. मी लगेच हो म्हटलं. तिथं कुणी राहायला येणार नाही.